'सैल जोडणी' म्हणजे नेमके काय?

वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात एखाद्याने शेत विकत घेतले, की त्या व्यवहाराची नोंद दोन ठिकाणी होते. खरेदीखत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदणी विभागाच्या 'आय-सरिता' प्रणालीवर नोंदले जाते; सातबारा मात्र महसूल विभागाच्या 'ई-फेरफार' प्रणालीतून बदलतो. पूर्वी या कार्यालयांमध्ये कागदी सूचना जात असे, आता ती संगणकामार्फत जाते. अशा दोन प्रणाली एकमेकींशी किती घट्ट बांधाव्यात, या प्रश्नाच्या चर्चेत 'लूज कपलिंग' अर्थात सैल जोडणी ही संज्ञा वारंवार येते. तिच्या अर्थाविषयी मात्र तज्ज्ञांत एकवाक्यता नाही.

संगणकक्षेत्रात 'कपलिंग' ही कल्पना रूढ होण्यास स्टीव्हन्स, मायर्स आणि कॉन्स्टन्टाइन यांचा १९७४ मधील लेख मोठ्या प्रमाणावर कारणीभूत ठरला. आज्ञावलीचे भाग परस्परांवर जितके कमी अवलंबून, तितका एका भागातील बदल दुसऱ्याला कमी बाधतो, हे तिचे सार.

पुढे स्वतंत्र प्रणाली जोडण्याची वेळ आली, तेव्हा मतभेद सुरू झाले. एका मतानुसार, दोन प्रणालींनी सामाईक डेटाबेस न वापरता ठरावीक नमुन्यातील संदेश पाठवले, की जोडणी सैल झाली. दुसरे मत वेळेला महत्त्व देते. संदेश रांगेत ठेवावा. एक प्रणाली बंद असली तरी दुसरीचे काम खोळंबू नये. तिसऱ्या मतानुसार, एवढ्याने अर्थाचे बंधन सुटत नाही. एकाच शेताचा गट क्रमांक दोन्हीकडे वेगवेगळ्या पद्धतीने लिहिला असेल, तर वेळेवर पोहोचलेला संदेशही निरुपयोगी ठरतो.

सातबाऱ्याच्या बाबतीत आणखी एक पैलू दिसतो. खरेदीखत नोंदताच मालकाचे नाव बदलणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. पण अशा व्यवहारात कायद्यानेच मध्ये अंतर ठेवले आहे. तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वडिलोपार्जित शेतातील वाटा डावलला गेलेल्या बहिणीला महसूल दप्तरी हरकत घेण्याची संधी याच अवधीत मिळते. जोडणी घट्ट केल्यास ही संधीच नाहीशी होईल.

या सैलपणाची किंमतही आहे. मधल्या काळात सातबाऱ्यावर विक्रेत्याचेच नाव राहते. केवळ तो उतारा पाहून कर्ज देणारा किंवा तेच शेत पुन्हा विकत घेणारा फसू शकतो. शिवाय, फेरफार नामंजूर झाला तरी नोंदलेले खरेदीखत आपोआप रद्द होत नाही. दोन दप्तरे दोन गोष्टी सांगतात आणि मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात जातो. प्रलंबित फेरफार सर्वांना पाहता यावेत, यासाठीची 'आपली चावडी' ही ऑनलाइन सुविधा म्हणूनच महत्त्वाची ठरते.

तात्पर्य, सैल जोडणी म्हणजे जोडणीचा अभाव नव्हे. कोणती माहिती जाणार, तिचा अर्थ काय, विलंब कोणाला दिसणार आणि विसंगती कोणी निस्तरायची, हे आधी ठरलेले असेल तरच सैलपणा उपयोगी पडतो. अन्यथा प्रणाली मोकळ्या राहतात आणि हेलपाटे शेतकऱ्याच्या वाट्याला येतात.