ताम्र-इंडोमेथासिन

इंडोमेथासिन या वेदना व दाहशामक औषधाचे तांब्याशी झालेले संयुग. सूज उतरावी पण जठराच्या अस्तरावर व्रण पडू नयेत, हा त्यामागचा हेतू. ऑस्ट्रेलियात ‘सीयू-अल्जेसिक’ या नावाने ते पशुवैद्यकात, घोडे व कुत्र्यांसाठी वापरले गेले; साधे इंडोमेथासिन कुत्र्यांच्या पोटाला फारच बाधते. माणसांसाठी ते रूढ औषध झालेले नाही.

दाहशामक गोळी जठराला दोन वाटांनी इजा करते. पहिली वाट रक्तातून. ही औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले (नोबेल, १९८२). सूज आणणारे हेच द्रव्य जठरात बुळबुळीत श्लेष्मा, बायकार्बोनेट आणि रक्तपुरवठा टिकवते. ते आटले की अस्तर उघडे पडते. दुसरी वाट थेट स्पर्शाची. इंडोमेथासिन स्वतःच एक आम्ल आहे. जठररसात ते अभारित राहून पेशींत सहज शिरते. आत आम्लता कमी असल्याने त्यावर भार येतो आणि ते तिथेच अडकून साठते.

संयुगात हा आम्लगटच झाकला जातो. इंडोमेथासिनचे चार रेणू तांब्याच्या दोन अणूंना चार बाजूंनी धरून ठेवतात. सिडनी विद्यापीठातील पीटर ले, ट्रेव्हर हॅम्बली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संयुगांचा कसून अभ्यास केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत व्रण कमी आढळले आणि सूज उतरवण्याची ताकद टिकून राहिली. अडचण अशी, की तीव्र आम्लात संयुग फुटते. म्हणून ते कशात मिसळून द्यायचे, याला रेणूइतकेच महत्त्व आहे.

संधिवातावर तांब्याचे कडे घालणाऱ्यांना यात आपल्या समजुतीला दुजोरा दिसेल, पण तसे नाही. संधिवाताभ सांधेदुखीच्या रुग्णांवरील २०१३ च्या ब्रिटिश चाचणीत कड्याचा उपयोग दिसला नाही.

जठर वाचवण्याचे इतर प्रयत्नही झाले. सुलिंडॅक व नॅब्युमेटोन शरीरात गेल्यावरच क्रियाशील होतात. सेलेकॉक्सिबची वाट वेगळी : ते मुख्यतः सुजेशी निगडित विकरच रोखते. त्याच गटातील रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले. झाकलेल्या गोळीनेही रक्तातून होणारी इजा पूर्णपणे टळत नाही, ही या साऱ्या प्रयत्नांची खरी मर्यादा होय. इंजेक्शननेही व्रण होतात, ते याचमुळे.

 सिडनीत काय किंवा साताऱ्यात काय, गुडघेदुखीची दाहशामक गोळी ‘जेवून घ्या’ एवढ्यावर सोडून चालत नाही. वय ६५ च्या पुढे असेल, पूर्वी अल्सर झाला असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर सोबत आम्ल कमी करणारे औषध हवे का, हे डॉक्टरांना विचारावे. डांबरासारखी काळी शौचास झाली, तर गोळी थांबवून लगेच रुग्णालय गाठावे.