फ्रॅमिंगहॅमची मोजपट्टी आणि भंडाऱ्याचा खर्रा

१९४८ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी ३० ते ६२ वर्षे वयाच्या ५२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली. बहुतेक सारे युरोपीय वंशाचे. दर दोन वर्षांनी त्यांना पुन्हा तपासले जाई. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध या नोंदींतून स्पष्ट झाला. पुढे त्यांवरूनच, येत्या दहा वर्षांत एखाद्याला हृदयविकार होण्याची शक्यता किती टक्के, हे सांगणारे गणित तयार झाले.

एका गावाचे गणित साऱ्या जगाला लागू पडेल का? ते तपासण्याच्या दोन कसोट्या आम्हां शिक्षकांच्या परिचयाच्याच आहेत. समजा, वीस मुले नापास होतील असे आपण नावांनिशी सांगितले. नापास झालेली मुले त्या यादीतलीच निघाली, पण झाली तीनच. म्हणजे क्रम बरोबर, प्रमाण चूक.

चीनमध्ये असेच घडले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वाधिक धोक्याच्या गटातील पुरुषांसाठी फ्रॅमिंगहॅमचे भाकीत २० टक्के होते. प्रत्यक्षात आढळले ३ टक्के. तेथील सरासरी आकडे घालून गणित जुळवून घेतल्यावर ते पुष्कळ सुधारले.

परंतु गणितात एखादा प्रश्नच नसेल तर? आपल्या भंडारा जिल्ह्यात तंबाखू ओढण्यापेक्षा खर्रा खाण्याची सवय अधिक दिसते. ५२ देशांतील एका अभ्यासाने २००६ साली दाखवले, की तंबाखू चघळणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका तंबाखू न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगाच्या २१ विभागांसाठी स्वतंत्र तक्ते जुळवले, हे उत्तमच झाले. पण त्यांतही रकाने दोनच : धूम्रपान करणारा आणि न करणारा. खर्रा खाणारा दुसऱ्या रकान्यात बसतो आणि त्याचा धोका कागदावर कमी दिसतो.

असंसर्गजन्य रोगांसाठी २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पहिल्या १०० जिल्ह्यांत भंडारा होता. आशाताई तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी जो तपासणी-अर्ज भरतात, त्यात गुटखा, खैनी यांसारख्या धूरविरहित तंबाखूचाही प्रश्न आहे. तो प्रश्न विचारून तिथेच थांबू नये. त्याचे उत्तर धोक्याच्या गणितातही यायला हवे. मोजपट्टी कोठून आली याहून ती काय मोजायचे विसरली, हे आधी पाहावे, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगू.