हेर्नहुट मंडळी

हेर्नहुट मंडळी : जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात १७२२ साली वसलेली मोरावियन ख्रिस्ती मंडळी. गाव लहान, वस्ती कारागिरांची. तरी अवघ्या दहा वर्षांत तिने समुद्रापार आपली माणसे धाडली.

मोराविया प्रांतात धर्मछळ सोसून पळालेली काही कुटुंबे निकोलाउस फोन त्सिन्त्सेनडॉर्फ या सरदाराच्या जमिनीवर आसऱ्याला आली. १७ जून १७२२ रोजी ख्रिस्तियान डाविड या सुताराने घरासाठी पहिले झाड तोडले. ‘हेर्नहुट’ म्हणजे प्रभूच्या राखणीत असलेले ठिकाण. सुरुवातीची वर्षे भांडणांत गेली. १३ ऑगस्ट १७२७ रोजी बेर्थेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये सर्वांनी एकत्र प्रभुभोजन घेतले आणि मने जुळली. त्याच महिन्यात चोवीस पुरुष व चोवीस स्त्रियांनी दिवसरात्रीचे तास वाटून घेऊन प्रार्थना सुरू केली. आपल्याकडच्या अखंड नामसप्ताहात वीणेचा पहारा एका हातून दुसऱ्या हाती जातो, तसाच हा पहारा. फरक इतकाच, की तो शंभर वर्षांहून अधिक काळ चालला.

गावातली सेवा याच शिस्तीतून उभी राहिली. अविवाहित पुरुष, अविवाहित स्त्रिया, विवाहित, विधवा, मुले असे वयाचे आणि अवस्थेचे गट असत. प्रत्येक गट आपल्या माणसांचे आजारपण, शिक्षण आणि पोटापाण्याची सोय पाही. स्त्रियांच्या गटांची धुरा स्त्रियांकडेच असे. अठराव्या शतकाच्या मानाने ही मोठी गोष्ट होती. पुढे आब्राहाम ड्युर्निंगरच्या कापड व्यापाराचा नफाही मंडळीच्या कामी आला.

परदेशी कार्याचे निमित्त ठरला अँटोन नावाचा कृष्णवर्णी सेवक. १७३१ मध्ये कोपनहेगनला त्याने त्सिन्त्सेनडॉर्फला कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावरच्या गुलामांची दैना सांगितली. लेओनहार्ड डोबर या कुंभाराने जायची तयारी दाखवली. मंडळीने चिठ्ठ्या टाकून कौल घेतला आणि तो त्याच्या बाजूने पडला. २१ ऑगस्ट १७३२ च्या पहाटे डोबर आणि सुतार डाविड निट्शमान थोडेसे पैसे आणि एकेक बोचके घेऊन निघाले. १३ डिसेंबरला ते बेटावर उतरले. मंडळीकडून पगार नव्हता. हातच्या कसबावर पोट भरायचे होते. निट्शमानची सुतारकी चालली, पण डोबरला चाकावर चढेल अशी माती तिथे मिळेना, तेव्हा त्याने पहारेकऱ्याची नोकरी धरली. दोघांनी स्वतःला गुलाम म्हणून विकले, ही पुष्कळदा सांगितली जाणारी कथा खरी नाही.

खरे घडले ते अधिक अवघड आहे. मंडळीने १७३८ च्या सुमारास त्याच बेटावर मळा घेतला आणि त्याबरोबर गुलामही. गुलामीतून मुक्त झालेली रिबेका ही स्त्री रोज पायपीट करून मळ्यामळ्यांवरच्या बायाबापड्यांना शिकवी. त्यापायी तिला तुरुंगही भोगावा लागला. १७३९ मध्ये त्सिन्त्सेनडॉर्फने तिथे येऊन कैदेतल्यांना सोडवले. मात्र जाताना गुलामांना मालकाची आज्ञा पाळण्याचाच उपदेश केला. सेवेच्या या इतिहासातला हा डाग आहे. तो झाकून मंडळीची थोरवी सांगणे रिबेकावर अन्याय करण्यासारखे होईल.

ग्रीनलंड (१७३३), सुरिनाम (१७३५), दक्षिण आफ्रिका (१७३७), लाब्राडोर (१७७१) अशी ठाणी पुढे झाली. भारतात मंडळीची माणसे १७६० मध्ये तरंगंबाडीला आली, पण ते काम टिकले नाही. हिमालयातले टिकले. मंगोलियाला निघालेले मिशनरी हाइडे आणि पागेल वाट बंद असल्याने लाहौलमध्ये थांबले आणि १८५६ मध्ये केलाँगला त्यांनी घर बांधले. तिथे मारिया हाइडेने बायकांना लोकरीचे विणकाम शिकवले; लाहौलचे नक्षीदार मोजे आज प्रसिद्ध आहेत. येश्के यांचा तिबेटी-इंग्रजी कोश (१८८१) आणि फ्रांके यांनी लेहमध्ये १९०४ साली काढलेले वृत्तपत्र हीसुद्धा याच कामाची फळे. लेहमधली मिशनची शाळा अजून चालू आहे.

मराठीशी या मंडळीचा संबंध आडवळणाने येतो. तिच्या मिशनची वृत्ते वाचून मिशनरी विल्यम कॅरी यांना बळ मिळाले. ते बंगालमध्ये आले आणि श्रीरामपूरहून त्यांनी मराठी व्याकरण (१८०५) व मोडी लिपीतला मराठी कोश (१८१०) प्रसिद्ध केला.

आज जगभरातील मोरावियनांची संख्या दहा लाखांच्या वर असून त्यांत टांझानियातले सर्वाधिक आहेत. २०२४ मध्ये हेर्नहुटचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. गावाशेजारच्या हुटबेर्ग टेकडीवर मंडळीची दफनभूमी आहे. बहुतेक शिळा जमिनीला टेकलेल्या, सपाट, जवळजवळ एकाच मापाच्या. प्रत्येक सभासदाने आपली जीवनकथा स्वतः लिहून ठेवायची आणि त्याच्या दफनाच्या वेळी ती मंडळीसमोर वाचली जायची, असा इथला रिवाज. सरदारांच्या, शिक्षिकांच्या, सुतारांच्या अशा हजारो कथा गावच्या दप्तरखान्यात जपलेल्या आहेत.