शाकारणीचा हिशोब

आजचा भाग वेबसाइट बांधण्याचा नाही, सांभाळण्याचा आहे. कौलारू घर बांधणारा एकदाच खर्च करतो, पण पावसाळ्याआधीची शाकारणी दरवर्षी करावी लागते. वेबसाइटच्या सॉफ्टवेअरचा इतिहास मला तरी असाच दिसतो.

2003 पासून सुरुवात करू. बी-टू नावाचं एक मोफत ब्लॉग सॉफ्टवेअर होतं. ते लिहिणारे मिशेल वाल्द्रिगी त्यावर काम करेनासे झाले आणि वापरणारे उघड्यावर पडले. तेव्हा मॅट मलेनवेग आणि माइक लिटल यांनी तोच कोड पुढे नेला. 27 मे 2003 ला वर्डप्रेस आलं. म्हणजे आज जगभर पसरलेल्या या सॉफ्टवेअरचा जन्मच मुळी 'आता याची देखभाल कोण करणार?' या प्रश्नातून झाला.

त्याआधी, 2001 मध्ये, बेल्जियमच्या ड्रीस बायटार्ट यांनी ड्रुपल खुलं केलं होतं. इथे माझी गोष्ट सुरू होते. मी महाराष्ट्राबाहेर राहतो. 2012 साली आमच्या शहरातल्या मराठी मंडळाची साइट मी ड्रुपल 7 वर उभी केली. निवडताना सुविधांची भलीमोठी यादी पाहिली. सॉफ्टवेअर फुकट होतं. वर्षाला किती तास द्यावे लागतील, हा रकाना मात्र माझ्या कागदावर नव्हताच.

15 ऑक्टोबर 2014. ड्रुपल 7 मध्ये एक गंभीर भोक सापडल्याचं जाहीर झालं आणि सोबत दुरुस्तीही आली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकानं सांगितलं, की पहिल्या सात तासांत दुरुस्ती केली नसेल, तर साइट फोडली गेली आहे असंच समजा. सात तास म्हणजे आपली पहाटेची साडेचार. मी झोपलो होतो. नंतर दुरुस्ती करूनही उपयोग नव्हता, कारण आत शिरलेला मागचं दार उघडं ठेवून जाऊ शकतो. उपाय एकच, आधीची बॅकअप प्रत. माझी प्रत आठ महिन्यांपूर्वीची होती. त्या आठ महिन्यांत ज्येष्ठ सभासदांनी थेट साइटवर टाइप केलेल्या आठवणी गेल्या. काहींनी पुन्हा लिहिल्या. एक आजोबा पुन्हा लिहायला उरले नव्हते.

वर्डप्रेसनं आदल्याच वर्षी, 3.7 आवृत्तीत, छोट्या सुधारणा आपोआप बसवण्याची सोय आणली होती. पण प्लगइन वाढवत नेले, की तिथेही शाकारणी वाढतेच. ड्रुपल 8 नोव्हेंबर 2015 मध्ये आलं, तेव्हा आतली रचना इतकी बदलली होती की जुने मॉड्यूल आणि थीम नव्यानं लिहाव्या लागल्या. म्हणून असंख्य साइट 7 वरच राहिल्या. त्याचा आधार बंद करण्याची तारीख वारंवार पुढे ढकलावी लागली आणि अखेर 5 जानेवारी 2025 ला तो बंद झाला.

म्हणून आता मी सुविधांच्या आधी तीन गोष्टी विचारतो. सुधारणा कोण बसवणार? तो माणूस गेला तर दुसरा कोण? आणि पाच वर्षांनी मजकूर बाहेर कसा काढणार? मंडळाच्या जुन्या अंकांची आता साधी एचटीएमएल पानं आहेत. त्यात शोधण्याची सोय नाही, पण माझ्या झोपेवर ती अवलंबून नाहीत.

तुमच्या संस्थेची साइट कोण शाकारतं, तेवढं आज विचारून बघा. भेटू पुढच्या भागात.