वाट आणि वहिवाट : डोंगरातल्या सायकलीचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. आसेगावसारख्या गावात माउंटन बायकिंगचं काय काम? सायकल आपल्याला माहीत आहे ती दुधाचे कॅन नेणारी, शेतावर डबा पोचवणारी, मुलींना शाळेत नेणारी. डोंगरात मुद्दाम चढवायची आणि उतारावरून सुसाट सोडायची सायकल ही शहरातल्या हौशी लोकांची गोष्ट, असं आपण म्हणतो. पण आम्हाला त्या सायकलीपेक्षा तिच्या चाकाखालची वाट महत्त्वाची वाटते. ती कोणी पाडली? तिच्यावरून जायचा हक्क कोणाचा? नवं चाक आलं की जुन्या पावलांचं काय होतं? हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि नीतीचाही.

आपल्या भाषेत एक फार अर्थपूर्ण शब्द आहे, वहिवाट. व्युत्पत्तीच्या वादात आपण शिरायला नको, पण या शब्दात 'वाट' स्पष्ट ऐकू येते. पिढ्यान् पिढ्या लोक जिथून गेले तिथून जायचा त्यांना हक्क आहे, हा विचार आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात येण्याआधी बोलीत होता. हा शब्द मनात ठेवून आता आपण थोडं लांब जाऊ.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन नावाची काउंटी आहे आणि तिथे टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. 1970 च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी 1930 ते 1940 च्या काळातल्या जुन्या, जाड टायरच्या, वजनदार सायकली जमवल्या आणि त्या डोंगरावरून खाली सोडल्या. ज्या रस्त्यांवरून ते उतरत, ते वणवा विझवायला जाण्यासाठी केलेले कच्चे रस्ते होते. उलटं पॅडल मारलं की लागणारा ब्रेक उतारावर इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं. ते प्रत्येक वेळी पुन्हा भरावं लागे, म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'. पहिली शर्यत झाली 21 ऑक्टोबर 1976 रोजी. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ यांनी डोंगरासाठी खास नवी सायकल बांधली. 1981 मध्ये कारखान्यात तयार झालेली 'स्टंपजंपर' बाजारात आली आणि 1996 मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. म्हणजे अवघी वीस वर्षं!

पण या वीस वर्षांची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. सायकली वाढल्या तशा पायी फिरणाऱ्यांच्या आणि घोडेस्वारांच्या तक्रारी वाढल्या. वळणावरून आवाज न करता सायकल अंगावर येते, घोडं बुजतं, वाट उखडते. 1984 मध्ये अमेरिकेच्या वनखात्यानं आपल्या संरक्षित रानप्रदेशात सायकलींना बंदी केली. ठिकठिकाणच्या वाटा बंद होऊ लागल्या, तेव्हा 1988 मध्ये सायकलस्वारांनी आपली संघटना उभी केली आणि वाटा बांधायची, दुरुस्त करायची कामं अंगावर घेतली.

इंग्लंडमध्ये मात्र हे वेगळ्या क्रमानं घडलं. तिथे 1968 च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टनं घोड्यांच्या पायवाटांवर सायकल चालवायला परवानगी दिली. अट एकच, पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला सायकलस्वारानं आधी वाट द्यायची. डोंगरी सायकलीचा जन्म व्हायचा होता, त्याआधीच कोण कोणासाठी थांबणार हे ठरलेलं होतं. एका ठिकाणी आधी भांडण आणि मग नियम, दुसऱ्या ठिकाणी आधी नियम. आपल्याला यातून शिकायचं आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. वाशीम जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या पठारावर वसलेला आहे. साग, सालई, धावडा, टेंभुर्णी, मोह असं पानगळीचं रान इथे आहे. या रानातल्या जुन्या वाटांपैकी कितीतरी वाटा बैलांच्या खुरांनी पडलेल्या. रेल्वे येण्याआधी मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून लमाणांचे तांडे मुलूखभर फिरत. बैलावर लादलेलं ओझं पाहून ते चढ निवडत, पाण्याच्या ठिकाणाजवळ मुक्काम करत. 1860 च्या दशकात मुंबई-नागपूर रेल्वे वऱ्हाडातून गेली, गाडीरस्ते वाढले आणि हा व्यापार बसला. तांडे स्थिरावले. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी आज देशभरच्या बंजारा समाजाचं श्रद्धास्थान आहे, ते याच मुलखात.

त्याच काळात दुसरा बदल झाला. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं होतं. 1878 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात वन कायदा आला आणि त्याच विचारानं वऱ्हाडातली जंगलंही राखीव होत गेली. आजही लागू असलेल्या 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम 25 पाहा. राखीव वनातली सार्वजनिक किंवा खासगी वाट वनाधिकारी सरकारच्या मंजुरीनं बंद करू शकतो. मात्र तिच्याऐवजी सोयीची दुसरी वाट असली पाहिजे. पर्यायाची ही अट चांगलीच आहे. पण काल जी वहिवाट होती ती आज कोणाच्या तरी मंजुरीवर आली, हा बदल लहान नव्हे.

शेतातल्या वाटांचं नशीब जरा बरं. 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम वाटेत केलेला अडथळा दूर करायला सांगतो. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 143 बांधावरून जायचा हक्क ठरवायचा अधिकार तहसीलदाराला देतं. तरीही पांदण दरवर्षी एक तास आत नांगरली जाते, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं! आणि याच जिल्ह्यातून 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो, त्यावर सायकलला प्रवेश नाही. वेगासाठी इतका मोठा रस्ता होतो आणि सायकलीला जी जागा उरते ती पांदण असते, तीही नांगराखाली चाललेली. म्हणून आमचं म्हणणं असं की डोंगरी सायकलीच्या वाटांचा विचार इथे पांदणीपासून सुरू व्हावा.

वाट बांधायचं शास्त्र आपल्या शेतकऱ्याला परकं नाही. सरळ उताराच्या धारेनं वाट काढली तर पहिल्याच पावसाळ्यात तिचा नाला होतो. डोंगराला आडवी, हलक्या चढानं आणि बाहेरच्या बाजूला किंचित कललेली वाट ठेवली तर पाणी तिला ओलांडून निघून जातं. समतल चर खोदणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पाण्याला वाट दिली नाही तर ते आपली वाट घेतंच. शिवाय आपली काळी माती! पावसात ती चाकाला अशी चिकटते की मडगार्डमध्ये काडी घालून काढत बसावं लागतं, आणि चाकानं पडलेली चाकोरी वाळून दगडासारखी होते. तेव्हा पावसाळ्यात मातीची वाट बंद आणि मुरमाची तेवढी चालू, एवढा नियम हवाच.

उरला प्रश्न हक्काचा. वाटेवर आज कोण आहे? मोळी आणणारी बाई, ढोरं घेऊन जाणारा गुराखी, मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचणारे, पुढे तेंदूपत्ता तोडणारे. यांच्यासाठी वाट हा खेळ नाही, रोजी आहे. काटेपूर्णा किंवा कारंजा-सोहोळ अभयारण्यात तर वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय शिरताच येत नाही, कारण तिथल्या वाटेवर पहिला हक्क हरणांचा. बाकी रानात 2006 च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा अधिकार दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं 2009 मध्ये हा हक्क मिळवला आणि चालवून दाखवला. जिथे असा हक्क आहे तिथे सायकलीची वाट हवी की नको, कोणत्या महिन्यात, कोणत्या बाजूनं, हे ग्रामसभेत ठरावं. पावती फाडली तर पैसा त्याच वाटेच्या डागडुजीला जावा.

काही जण म्हणतील, सायकलवाले येतीलच कशाला? न का येईनात. इंग्लंडनं नियम केला तेव्हा तरी डोंगरी सायकल कुठे आली होती? आणि आपल्याच गावातल्या पोरांकडे गिअरच्या सायकली आता दिसू लागल्या आहेत. त्यांना एक काम सांगा. तलाठ्याकडे गावनकाशा असतो. त्यात तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग आणि तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग. तो नकाशा घ्या, सायकली काढा आणि प्रत्येक रेघ जमिनीवर कुठे आहे, कुठे नांगरली गेली, कुठे बाभळीत बुडाली, याची नोंद करा. वहिवाट वापरानं टिकते. जी वाट कोणी वापरत नाही तिच्यासाठी तहसीलदारापुढे उभं राहणंही कठीण जातं. चालणाऱ्याला आधी वाट द्यायची, वळणावर घंटी वाजवायची आणि ढोरं दिसली की उतरायचं, एवढी शिस्त पाळली तर ही पोरं त्या वाटांची शत्रू ठरणार नाहीत, राखणदार होतील.

आता तुमचे प्रश्न घेऊ.