प्रवाळावरचे 'नाताळवृक्ष'

तांबडा समुद्र, मालदीव किंवा ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरियर रीफ येथे सुट्टीत पाण्याखालचे जग पाहून आलेल्या अनेकांना हा अनुभव आला असेल: प्रवाळाच्या पृष्ठभागावर निळ्या, पिवळ्या, नारिंगी, पांढऱ्या रंगांची इवली झाडे जोडीजोडीने उभी दिसतात आणि जवळ जाताच क्षणार्धात अदृश्य होतात. ही झाडे नव्हेत. हे वलयी प्राण्यांच्या संघातील, म्हणजे गांडुळाच्या दूरच्या नात्यातील, कृमी आहेत. नाताळच्या झाडाशी असलेल्या साम्यामुळे त्यांना 'ख्रिसमस ट्री वर्म' हे नाव मिळाले.

या प्रजातीचे शास्त्रीय नाव स्पायरोब्रँकस. कॅरिबियन समुद्रातील स्पायरोब्रँकस गायगँटियस या जातीचे पहिले वर्णन जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पीटर सायमन पॅलस यांनी १७६६ मध्ये केले. हिंद व प्रशांत महासागरांतील कृमी पूर्वी याच जातीत गणले जात. आता त्यांच्या वेगळ्या जाती मानल्या जातात.

गायगँटियस म्हणजे राक्षसी. प्रत्यक्षात कृमीची लांबी सुमारे चार सेंटीमीटरच असते. त्यातही बहुतांश देह कॅल्शियम कार्बोनेटच्या नळीत दडलेला असतो. बाहेर दिसतात ते केवळ दोन सर्पिल तुरे. पिसांसारख्या या तुऱ्यांवरील सूक्ष्म पक्ष्माभिका पाण्यातील प्लवक गाळून तोंडाकडे नेतात. श्वसनही तुऱ्यांतूनच होते. तुऱ्यांवरील प्रकाशसंवेदी नेत्रांना सावली जाणवली की कृमी आत शिरतो व झाकणाने नळीचे तोंड बंद करतो. धोका टळल्यावर तुरे सावकाश उलगडतात.

हा कृमी प्रवाळ पोखरतो, हा गैरसमज आहे. नर-मादी भिन्न असतात. त्यांची शुक्राणू व अंडी पाण्यात सोडली जातात. फलनानंतरचे डिंभ काही काळ तरंगून प्रवाळावर स्थिरावतात आणि नळी बांधू लागतात. प्रवाळ वाढत जातो, नळीभोवती चढतो, आणि कृमीही तोंड वर ठेवण्यासाठी नळी लांबवीत राहतो. एकदा बसलेला कृमी जागा बदलू शकत नाही. नळीच्या वाढीवरून काही कृमींचे वय चाळीस वर्षांहून अधिक असल्याचा अंदाज आहे.

आश्रयाची परतफेडही होत असावी. 'काटेरी मुकुट' नावाचा तारामीन जिवंत प्रवाळ खातो. त्याच्या हल्ल्यानंतर ग्रेट बॅरियर रीफवरील पोराइटिस प्रवाळात कृमींच्या भोवतालचे जीवक बऱ्याचदा वाचलेले आढळले, असे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदवले आहे. वाचलेल्या अशा ठिपक्यांतून प्रवाळ पुन्हा पसरू शकतो.

हे सहजीवन आता संकटात आहे. समुद्र तापला की प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकून पांढरा पडतो; ताप लांबला तर मरतो. एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक प्रवाळ-विरंजनाची घोषणा झाली. यजमान मेल्यावरही कृमी काही काळ तग धरू शकतो. परंतु मृत प्रवाळावर शेवाळ माजते, सांगाडा झिजतो आणि पुढच्या पिढीच्या डिंभांना आसरा उरत नाही. म्हणूनच रंगीत तुऱ्यांची उपस्थिती ही प्रवाळाच्या आरोग्याची हमी समजू नये. तुऱ्यांखालचा प्रवाळ जिवंत आहे की नाही, हे पाहावे.

पाहताना मात्र अंतर राखावे. प्रवाळावर पाय ठेवू नये, हाताने स्पर्श करू नये, पायांतील पंखांचा फटका बसू देऊ नये. थोडा वेळ स्थिर तरंगत राहिल्यास मिटलेले तुरे आपोआप पुन्हा उमलतात.