आगकाड्यांची मौज

धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचा १९१५च्या सुमाराचा मूक सचेतनपट. फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) नंतर दादरचा मुक्काम हलवून ते नाशिकला आले, त्या काळातली ही निर्मिती. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८मध्येच आगकाड्या पडद्यावर नाचवल्या होत्या.

अशा पटात नट नसतो, असतो तो हिशोब. काडी कणभर सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, एक चौकट टिपायची. पुन्हा काडी सरकवायची. सेकंदाला १६ चौकटी धरल्या तर मिनिटभराच्या खेळाला ९६० चौकटी लागतात. दर चौकटीला काडी सारखीच सरकली तर गती एकसारखी दिसते. अंतर वाढवत नेले की काडी वेग घेते. एकाच लांबीच्या काड्यांतून त्रिकोण, चौकोन, षट्कोन सहज जुळतात, म्हणून हे साहित्य भूमितीला फारच सोयीचे. एकेक चौकट टिपण्याचा हाच खेळ फाळक्यांनी 'अंकुराची वाढ' (१९१२) या लघुपटात वाटाण्याच्या रोपावर आधी करून पाहिला होता.

तरीही 'आगकाड्यांची मौज'ला अमूर्त म्हणणे ताणल्यासारखे होईल. हेतू नावाप्रमाणे मौजेचाच. रेषा आणि आकड्यांनाच विषय करणारा चित्रपट महाराष्ट्रात बराच उशिरा आला : चित्रकार अकबर पदमसी यांचा मुंबईत झालेला, सुमारे ११ मिनिटांचा 'सिझिजी' (१९७०). त्याचे सचेतनीकरण राम मोहन यांनी केले.